भिंतीला टेकवलेला पलंग

पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरता आलं नाही.

भोपाळ नुकतंच राजधानी झालं होतं. नागपूरहून आमच्यासारखी बरीच मराठी बिऱ्हाडं नोकरीपाठोपाठ इकडे आली होती. घरं कमी, माणसं जास्त. सरकारी क्वार्टर्स घाईने उभी राहत होती. अशाच बारा घरांच्या एका ओळीत एके सकाळी एका घराचं छत कोसळलं आणि त्याखाली सचिवालयातला एक कारकून गेला. तो माझा मित्र होता. आम्ही एकमेकांची पुस्तकं वाचायचो. पंचनामा करताना मलब्यात माझंच एक पुस्तक सापडलं. मुद्देमालाच्या यादीत ते मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

उरलेल्या अकरा घरांत माणसं राहत होती. मी घरं रिकामी करा म्हणत होतो. बांधकाम खात्याचं उत्तर एकच : काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल उत्तम आहे, लोकांना कशाला हलवायचं?

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा मिस्त्री ठाण्यात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"हुजूर, जाँच का मसाला अलग बनता था, छत का अलग. सबको मालूम है."

छत ओततानाच त्यातलं थोडं काँक्रीट साच्यात भरून ठोकळे करायचे, पाण्यात मुरवायचे आणि मग दाबून फोडून पाहायचे, अशी पद्धत असते. इथे ठोकळ्यांसाठी जास्त सिमेंटचा मसाला निराळा कालवला जाई. अहवाल त्या ठोकळ्यांचा होता, छताचा नव्हता.

कामावरच्या इंजिनिअरला जबाबासाठी बोलावलं. पुण्याला शिकलेला, सौम्य गृहस्थ. लाच घेतल्याचा कुठेच मागमूस नव्हता.

"नमुना वेगळा का करायचात?" मी विचारलं.

"वेगळा नाही हो, नीट. गडी पाणी फार ओततात, ठोकळा ओबडधोबड येतो. तसल्या नमुन्याची चाचणी काय करायची?"

"आणि छतात तेच पाणी गेलं, त्याचं काय?"

"ठोकळे पास झालेत, साहेब. मी स्वतः त्याच ओळीत राहतो. बायको-मुलीला घेऊन राहतो."

दोन दिवस हेच. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. हा खोटं बोलत नव्हता. म्हणूनच पुढे सरकता येईना.

शेवटी त्याच्या घरी गेलो. दोन्ही खोल्या मधोमध रिकाम्या. पलंग भिंतीला टेकवलेले, मुलीचं अभ्यासाचं टेबल बाहेर पत्र्याच्या ओसरीत.

"वहिनी, सामान असं का लावलंय?"

"ह्यांचा हुकूम! राहायला आलो त्या दिवसापासून. पलंग मधे घेतला की चिडतात. पंखा मधे फिरतोय आणि आम्ही कोपऱ्यात घामाघूम. सांगा तुम्हीच काही ह्यांना."

ठाण्यात परतून मी त्याला एवढंच विचारलं, "पलंग भिंतीला का लावलेत?"

"सवय..." तो म्हणाला. पाणी मागितलं. पेला हातात धरून बसला, प्यायला नाही. मग तो तसाच खाली ठेवून म्हणाला, "घरं आजच रिकामी करा."

जबाब त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. संध्याकाळपर्यंत अकरा बिऱ्हाडं शाळेत हलवली. त्यात त्याचंही होतं. चारच दिवसांनी आणखी एक छत खचलं. खाली कोणी नव्हतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कोर्टाने त्याला शिक्षा दिली.

माणूस काय सांगतो यापेक्षा तो कुठे बसतो, कुठे झोपतो ते पाहावं, असं मी पुढे नव्या पोरांना शिकवत आलो. हे शिकलो कुठे, ते मात्र कधी सांगितलं नाही.

छत पडण्याच्या महिनाभर आधी मी त्या मित्राकडे गेलो होतो. त्याने वर बोट दाखवून विचारलं होतं, "ही भेग वाढतेय असं वाटतं. तक्रार लिहू का रे?"

"नवं घर आहे, गिलावा बसतोय," मी म्हणालो. "तुम्हा कारकुनांना उठसूट अर्ज लिहायची खोडच!"

तो हसला. अर्ज लिहिला नाही.

केस डायरीत हे कुठेच नाही. आणि हेही नाही, की त्यानंतर आत उकडतंय म्हणत मी त्या भेगेखालची माझी खुर्ची उचलली आणि चहा बाहेर पत्र्याच्या ओसरीत बसून घेतला.