भरलेली जखम

बाबांच्या कपाळावरच्या जखमेवर आता गुलाबी, कोवळी कातडी आली आहे. मेंदूत रक्तस्राव होऊन ते न्हाणीघरात पडले, तेव्हा कपाळही फुटलं होतं. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "जखम छान भरली."

"आणि जे विसरलेत ते?" मी विचारलं.

"मेंदूच्या त्या पेशी गेल्या त्या गेल्याच," ते हळूच म्हणाले.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. माणूस एकाच पेशीपासून सुरू होतो आणि पुढे पेशी आपापली कामं वाटून घेतात, हे किती वर्षं फळ्यावर लिहीत आले. कातडीच्या पेशी झिजून जातात, पण जाताना मागे नव्या ठेवतात. मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्मभराचं सांभाळत बसतात. त्या गेल्या की त्यांच्या जागी कोणी येत नाही. वर्गात या वाक्याची कधी भीती वाटली नव्हती.

आज सकाळी न्हाऊन मी बाबांना चहा द्यायला गेले. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"ताई?"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विहिरीत बुडून गेलेली.

"केस अजून ओलेच आहेत गं तुझे," ते म्हणाले. "वर कशी आलीस?"

मी तुमची मुलगी, असं सांगणार होते. पण इतका उजळलेला त्यांचा चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आले रे हळूहळू," मी माझ्या वडिलांना म्हणाले.