पाथर्डीच्या धुळीचा बर्फ

हवामान खात्यातले आमचे वैद्य सर सांगायचे, ढगातलं पाणी कितीही गारठलं तरी उगाच गोठत नाही. धुळीचा एखादा कण भेटला, की त्याच्याभोवती बर्फ धरतो. किश्शांचंही तसंच असतं बघा! संशयाचा एक कण पुरतो. आणि बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडे संशय धुळीइतकाच मुबलक होता.

सर पुण्याचे. किती धुळीत, किती थंडीत बर्फाचे किती कण धरतील, याचं गणित त्यांनी तीन वर्षं खपून मांडलेलं. ते खरं की खोटं, हे इथली हवा ठरवणार होती. मधेच मुक्काम हलवावा लागला, की सगळं मुसळ केरात! मी त्यांचा मदतनीस. मुक्काम गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

*

पहिल्याच दिवशी सरपंच तात्या आले. "म्हंजे पाऊस पाडनार तुमी?"

"नाही हो. ढगात बर्फ कसा होतो, ते शिकणार."

तात्यांनी टोपी सरळ केली. "मग शिकून यायचं न्हवं!"

*

एकदा काळाकुट्ट ढग गावावरून तसाच पुढं गेला आणि नेवाशात कोसळला. संध्याकाळी तात्या हजर.

"सायेब, खरं सांगा. नेवाशात तुमची सासुरवाड हाय का?"

सर चष्मा पुसायला लागले.

नेमकी होती!

*

ढगासारखं गार धुकं करून त्यात बर्फ धरायची आमची एक पेटी होती. ती थंड ठेवायला कोरडा बर्फ लागायचा. पुण्याहून भुशात गुंडाळून जीपनं यायचा. त्याची थेट वाफ होते, पाणी सुटत नाही. हे तात्यांना कोण पटवणार? त्यांनी एक ढेकूळ नेलं, हंडीत टाकलं, वर ताट झाकलं आणि स्वतः राखणीला बसले. दुपारी ताट काढलं, तर हंडी ठणठणीत कोरडी!

"बर्फ गेला, मग पानी कुठं हाय?"

"तात्या, याला पाणीच नसतं."

"माझ्या डोळ्यादेखत हंडीतलं पळवलंत, मग ढगातलं ठिवताल व्हय?"

*

त्यानंतर आठवडाभर सरांचं गणित फसत राहिलं. दहा कण यावेत, तर साठ यायचे! सरांनी आधी पेटीवर संशय घेतला, मग गणितावर, शेवटी माझ्यावर.

"तू पेटीत शिंकतोस का रे?"

मी शपथा घेतल्या. मग शेडला फेरी मारली. हवा आत ओढणाऱ्या नळीच्या बरोबर खाली गावातले म्हातारे गणपतबाबा उकिडवे बसून विडी ओढत होते.

"बाबा, इथं काय करताय?"

"तुमच्यावर नजर ठिवायला पंचायतीनं बसवलंय. विडी न्हाई वढली तर डोळा लागतो!"

सरांनी वहीत गंभीरपणे लिहिलं : 'स्थानिक धूर – गणपत.'

*

अखेर तात्यांनी निकाल दिला. "उद्या समद्यांसमोर पेटी उघडून दावा. न्हाईतर बिऱ्हाड उचला."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जमलं. पुढं तात्यांच्या आई, भागाआजी. त्यांचा शब्द तात्यासुद्धा मोडत नसत.

"आजी, यात फुंकर मारा," सर म्हणाले.

आजींच्या श्वासाचं पेटीत धुकं झालं. सरांनी आजींच्याच अंगणातली चिमूटभर धूळ सोडली, बॅटरीचा झोत टाकला. धुकं लखलखायला लागलं!

"आजी, हा तुमच्या श्वासाचा बर्फ."

पेटीच्या तळाशी साखरेच्या गार पाकाची बशी होती. बर्फाचे कण तीत पडले, की फुगून मोजण्याजोगे होत. सर वाकले. "एक, दोन, तीन..."

"माझाच श्वास न्हवं ह्यो?" आजींनी विचारलं.

"हो, तुमचाच!"

आजींनी पेटीत हात घातला, बशी उचलली आणि तोंडाला लावून रिकामी केली. पदरानं ओठ पुसले.

"माझं मला मिळालं. कुनी काय नेलं न्हाई. ऱ्हाऊ दे रं तात्या यास्नी!"

तात्यांनी मान डोलावली. गाव पांगायला लागलं. सर मात्र रडकुंडीला आलेले.

"अहो आजी, मोजायचे होते ते!"

"मग मोज की! पोटात हायेत समदे."