आज मी माझाच टॉवर पाडला

मंडळी, आज मी कोर्टात स्वतःविरुद्ध लढले आणि जिंकलेसुद्धा!

कोर्ट म्हणजे आमचा वर्ग. मी लॉ आणि प्रॉपर्टी डेव्हलपमेंट अशी एकत्र डिग्री करतेय. सकाळी मॅडम म्हणाल्या, "बिल्डर व्हा, एखाद्या गावाचा नवा प्लॅन काढा." मी आमचं करावे गावच घेतलं. टॉवर, जिम, खाली ऐसपैस पार्किंग. स्वतःवरच फिदा झाले!

जेवणानंतर मॅडमचा बॉम्ब: "आता गावकऱ्यांचे वकील व्हा आणि आपापला प्लॅन पाडा."

मी माझा प्लॅन पुन्हा समोर पसरला. मग त्या पार्किंगकडे लक्ष गेलं आणि मी ताडकन उठले. "मॅडम, इथे आमची अंगणं होती. हळदीचा मांडव आता कुठे घालायचा? अख्खं गाव जेवायला कुठे बसवायचं?"

बिल्डर म्हणून मीच हार मानली. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटला, "प्लॅन रद्द!" वर्गात नुसत्या टाळ्या!

घरी येऊन आईला नाचत नाचत सांगितलं. बोंबील साफ करता करता ती म्हणाली, "मंग तुजी हलद कुठं लावनार व्हतीस, लिफ्टमदी?"

आता नवा प्लॅन काढायला बसलेय. सगळ्यात आधी मांडवाची जागा आखली. तुमच्या बिल्डिंगमध्ये लग्न ठरलं की मांडव कुठे घालता?