एका दुपारचं सेन्सॉर बोर्ड

सरकारला जे जमलं नाही ते आमच्या जवळा बाजार गावात मी एका दुपारी करून दाखवलं, आणि पुन्हा कुणी मला ते करू दिलं नाही.

केबल नवी नवी आली होती. केबलवाला रशीद रोज दुपारी दोनला आपल्या खोलीतून कॅसेटवरचा सिनेमा लावायचा आणि तो घरोघरी दिसायचा. त्यात कधी काय निघेल याचा भरवसा नाही. त्यात रविवारी माझ्या नणंदेला, शकूला, बघायला औंढ्याचे पाहुणे येणार. सोवळ्यातली माणसं. आधीची दोन स्थळं मोडलेली. आणि सासूबाई रंगीत टीव्ही दाखवल्याशिवाय राहायच्या नाहीत.

मी रशीदला गाठलं. "यावर सरकारची काही देखरेख हाय का न्हाई?"

"भाभी, सरकारला आपल्या गावचा रस्ता सापडंना, टीव्ही कुठून सापडल? तुमीच आधी बघा. नको ते असंल तर कापू."

ही मी नेमणूकच समजले. (वही घेतली, वर 'तपासणी' लिहिलं.)

रविवारी पाहुणे आले तशी पोहे शकूवर सोपवून मी एकच्या सुमारास रशीदच्या खोलीवर गेले. रशीद तार जोडायला खांबावर चढलेला. म्हटलं, भाजीचं मीठ आधी आपण चाखावं, मग ताट वाढावं. कॅसेट घातली, बटण दाबलं.

थोड्या वेळात नायिका पावसात भिजायला लागली. कुठून कापायचं ते ठरेना. मागं घेतलं, पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं. (तिसऱ्यांदा गाण्यासाठी पाहिलं, आता कबूल करायला हरकत नाही.) शेवटी तिला तशीच ओलीचिंब थांबवली आणि वहीत लिहायला बसले.

रशीद धापा टाकत आला. "भाभी, बंद करा. समद्या गावात दिसून राहिलं."

"मी तर नुसतं तपासून राहिले."

"तपासा की. पण गावाला संगं घेऊन काहून तपासता? हे बटण दाबलं की घरोघरी जातं."

मी घराकडे पळाले. तिथं सासूबाईंनी पाहुण्यांना आधीच अभिमानानं सांगून ठेवलेलं, "थोरली सून गावचा टीव्ही तपासायला गेली हाय. वंगाळ काही येऊ देत न्हाई ती."

शकू पदराआड हसत होती का रडत होती, कळेना. मुलाच्या आईनं शांतपणे पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तीनदा पाहिलं आमी," त्या म्हणाल्या. "बारीक लक्ष हाय बाई तुमचं."

सोयरीक जमली. हुंडा नको म्हणाले. अट एकच घातली: लग्नाची व्हिडिओ कॅसेट आधी मी तपासायची नाही.