खव्याचा पहिला घास

गेल्या संक्रांतीला माझ्या वहीत एकशे वीस कॅलरी शिल्लक होत्या. घरात मी, बायको आणि भूमहून एसटीने आलेली आई, अशी तिघंच होतो. मला मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला पंधराशे कॅलरींची मर्यादा घालून दिली आहे. आई खवा आणणार हे ठाऊक असल्याने दुपारी मी एक भाकरी कमी खाल्ली होती.

भट्टीवरचा ताजा खवा आला की पहिला घास आई स्वतःच्या हाताने भरवायची. तिने हात पुढे केला. मी तो अडवला आणि घास वजनकाट्यावर ठेवला. सेहेचाळीस ग्रॅम भरला. सोळा ग्रॅम काढून मी तिच्या तळहातावर परत ठेवले.

"दुकानदार झालास व्हय रं?"

"आत्या, डॉक्टरांनीच सांगितलंय," बायको आईला म्हणाली.

"मग बरोबर हाय."

त्यानंतर आई खवा ताटलीत ठेवायची आणि म्हणायची, "घे, मोजून खा." मला ते सोयीचं वाटलं.

उन्हाळ्यात तिचा उजवा हात लकव्याने गेला. परवा वहीत एकशे वीस कॅलरी राखून भूमला जाताना मीच खवा नेला. "आई, भरव की," म्हणून तिच्या तळहातावर ठेवला आणि मनगट धरून हात तोंडाशी आणला. बोटं वळली नाहीत. खवा सतरंजीवर पडला.

"वजन केलंस का?" तिने विचारलं.

"न्हाय."

माझ्यासाठी राखलेल्या एकशे वीस कॅलरी मग मी डब्यात उरलेल्या खव्यातून चमच्याने तिलाच भरवल्या.