ढोलाला जागा

आटपाडीकडच्या आमच्या वाडीत माझे चुलते धनगरी ओव्या म्हणतात. ढोलही तेच वाजवतात. मी सांगलीत ध्वनिमुद्रणाचं काम करते. ग्रामोफोनच्या तबकड्यांची हौस लोकांना पुन्हा लागली, तशी तालुक्यातल्या एका मंडळानं चुलत्यांच्या ओवीची तबकडी काढायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

देवळासमोर ओवी मी एका बैठकीत मुद्रित केली. एकतीस मिनिटं झाली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ती सगळी एकाच बाजूला बसवा. दुसरी बाजू त्यांच्या मनोगताला आणि मंडळाच्या गौरवगीताला हवी होती.

मी त्यांना सांगून पाहिलं. एका बाजूला वीसेक मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त कोंबली की ज्यांतून सुई फिरते त्या खाचा एकमेकींना खेटतात. ढोलाच्या ठोक्यानं खाच जोरात हलते, तिला जागा लागते. जागा नसली की आवाज बारीक करावा लागतो, ठोक्यातला खर्ज छाटावा लागतो आणि सुईची खरखर वर येते. शिवाय ओवीच्या शेवटी झांजा चढतात, तो भाग तबकडीच्या आतल्या वळणांवर जातो. तिथं सुईखालून खाच हळू सरकते, त्यामुळे झांजेचा आवाज फाटतो. एवढं कोण कान लावून ऐकतंय, असं म्हणून अध्यक्षांनी विषय मिटवला.

सगळी ओवी एकाच बाजूला कोंबलेली नमुन्याची तबकडी आली, ती घेऊन मी वाडीवर गेले. चुलत्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकली.

"ह्यो माजा ढोल न्हाई. पत्र्याचा डबा हाय," ते म्हणाले.

थोड्या ओळी गाळता येतील का, असं मी चाचरत विचारलं. ते रागावले नाहीत. कुठल्या गाळायच्या, देव मेंढरं राखतो त्या का बहीण वाट बघते त्या, एवढंच त्यांनी विचारलं.

"ओवी तोडायची न्हाई, पोरी. मधी आमी दम घेतो, तितं तबकडी पालथी कर."

मी वेळ मोजून पाहिला. ते दम घेतात तिथवर सोळा मिनिटं, पुढे पंधरा. मनोगताला जागाच उरत नव्हती.

अध्यक्षांना मी फोनवर तसं सांगितलं. तबकडी मंडळाची आहे, याची त्यांनी आठवण करून दिली.

"असू दे," मी म्हणाले. "ढोल माझ्या चुलत्यांचा आहे. दोन्ही बाजूंना ओवीच राहील, नाहीतर तबकडी निघणार नाही."

मंडळानं अंग काढून घेतलं, प्रकाशनाचा आणि चुलत्यांच्या सत्काराचा ठरलेला समारंभही रद्द केला. मला धास्ती होती ती चुलत्यांना काय वाटेल याची. त्यांनी सत्कारासाठी शिवलेला नवा सदरा सरळ अंगात घातला आणि मेंढरांकडे गेले. तबकडी आम्ही भावकीनंच काढली. ती पहिल्यांदा लावली तेव्हा ठोक्यानं खिडकीची काच थरारली आणि चुलती चूल सोडून बाहेर आली.

यंदा त्याच मंडळानं चुलत्यांना स्टेजवर बोलावलंय, दहा मिनिटांसाठी. अख्खी ओवी ऐकायची असेल तर येतो, असा निरोप त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. तिकडून अजून काही उत्तर नाही. चुलते रोज झाडाखाली बसून ढोलाची वादी ताणतात आणि वाडीला पूर्ण ओवी ऐकवतात.