भर उन्हात गप्प झालेलं मशीन

वायरमन, चष्मा सापडत नाही म्हणून तुम्ही पत्रं तशीच ठेवून देता, तेव्हा हे मोठ्या अक्षरांत लिहितेय. तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगणं हा आगाऊपणा झाला. पण तिच्यातला एक तुकडा तुम्हाला ठाऊक नाही, आणि थेट तिथूनच सुरुवात करायचं धाडस मला होत नाही. हिच्यात एक बाई येतील, त्या मीच.

तर, चौतीस वर्षं खांबांवर चढून निवृत्त झालेला एक वायरमन होता. नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. भांडताना बायकोही "ओ वायरमन" म्हणायची. निवृत्तीनंतर त्यानं गच्चीवर सौर पॅनेल बसवले. घराला लागून उरेल ती वीज कंपनीच्या तारेत सोडायची, कंपनी ती विकत घेणार. दारातलं मीटर आता जाणारी-येणारी दोन्ही वीज मोजायचं आणि हा दुपारभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा.

"शिंपीणबाई, तुमचं मशीन आत्ता कुणाच्या जिवावर चाललंय, माहितीये?"

"माझ्या गुडघ्यांच्या! पायानं चालवते मी."

त्याच तोऱ्यात त्यानं वीज गेल्यावर घर चालवणारी जुनी बॅटरी मुलीला देऊन टाकली. गल्लीतली लाइन त्यानं स्वतः ओढलेली. "माझी लाइन पडत नाही," म्हणाला.

वर्षभरात बायकोच्या फुप्फुसांनी हात टेकले. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं, विजेवर घरघरणारं. त्या दिवसापासून वायरमनचा तोरा उतरला, कारण गल्लीला माहीत नव्हतं ते त्याला पक्कं माहीत होतं. कंपनीची वीज गेली, की पॅनेलांना जोडलेला भिंतीवरचा डबा गच्चीवरची वीजही आपणहून तोडतो.

"हे काय खूळ?" पलीकडच्या घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "ऊन आहे, पॅनेल आहेत, आणि वीज नाही?"

"खांबावर माणूस असतो, बाई. लाइन बंद आहे म्हणून तो तारेला हात लावणार. तेवढ्यात माझ्या गच्चीवरून तारेत वीज आली तर?"

नवी बॅटरी मुलगी घेऊन देणार होती, तिच्या घरातल्या दिवाणखान्याचं काम उरकलं की. तोवर एकच उपाय होता. श्वासाचं मशीन असलेल्या घरांची कंपनीकडे यादी असते. यादीत नाव असलं की दुरुस्तीच्या आदल्या दिवशी फोन येतो. वायरमननं अर्ज लिहिला आणि तेव्हापासून फोन उशाशी घेऊन झोपू लागला.

त्या सोमवारी फोन आला नाही. म्हणजे मंगळवारी लाइन चालू, असं धरून त्यानं अडीअडचणीला ठेवलेल्या ऑक्सिजनच्या दोन सिलिंडरांपैकी एक शेजारच्या छोट्या दवाखान्याला वापरायला दिला. घरात राहिला तो अर्धाच होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी तो उघडल्यावर कळलं.

मंगळवारी अकरा वाजता, डोळे दिपतील अशा उन्हात, मशीन गप्प झालं. भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लागला.

वायरमननं नळी सिलिंडरला जोडली. काटा बघितला. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मोठ्या दवाखान्याची गाडी मागवली, तर ती पाऊण तासाशिवाय यायची नव्हती. शिंपीणबाई दिलेला सिलिंडर परत आणायला धावल्या. तो दुसऱ्याच्या नाकाला लागलेला.

"एवढं दुकान मांडलंय वर," बायको धापा टाकत म्हणाली, "घरातल्यांना उधारीवरही देत नाही."

"बोलू नकोस गं. हळू श्वास घे. मी आलोच."

तो अनवाणी धावला. तिसऱ्या गल्लीत खांबावर एक जण पट्ट्याला लटकून काम करत होता, दोन लेकरांचा बाप. यानंच त्याला पट्टा बांधायला शिकवलं होतं. खाली मुकादम उभा होता.

"किती वेळ?"

"अजून तास तरी. का हो दादा?"

वायरमननं सांगितलं. मुकादमाचा चेहरा उतरला. "एक तार तात्पुरती बांधतो आणि लाइन सोडतो. तो वरच असेल, पण सांभाळून घेईल. तुम्ही नुसतं हो म्हणा."

वायरमननं वर पाहिलं. वरच्याचे हातमोजे खिशात खोचलेले होते. हो म्हणायला त्याचं तोंड उघडलं.

"नको," तो म्हणाला. "नीट करा. आधी त्याला हातमोजे घालायला सांग." आणि ओक्साबोक्शी रडत घराकडे पळाला.

गाडी आली तेव्हा सिलिंडर संपून बराच वेळ झाला होता. वायरमन पुठ्ठ्यानं वारा घालत होता, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्ता येईल गं, आत्ता येईल." ती दवाखान्यातून परत आली नाही. सव्वाबाराला लाइन आली, तेव्हा घरात कुणी नव्हतं. गच्चीवरची सगळीच्या सगळी वीज कंपनीच्या तारेत जात राहिली.

तुम्ही अजून म्हणता, "कंपनीवाले फोन करायचं विसरले, बाई." नाही हो, वायरमन. तुमचा अर्ज कंपनीकडे पोचलाच नाही. "तुमच्या हातानं द्या, तिथला साहेब तुमचा विद्यार्थी," म्हणून तुम्ही तो माझ्याकडे दिलात. मी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईनं सुधारल्या. सोमवारी जाईन म्हटलं, मग पुढच्या सोमवारी. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, तुमच्या सहीसकट.